ओटा द्या, पोर न्या

आये,

परवा एका बाईने मला एक साधा प्रश्न विचारला आणि माझी बोलती बंद झाली. तुला हे खरं वाटणार नाही, कारण हल्ली माझी बोलती सहसा बंद होत नाही. मैदानाच्या या टोकाला उभी राहून मी त्या टोकाच्या पोरीला हाक मारते तेव्हा बाहेरच्या रस्त्यावरचा रिक्षावालाही दचकून मागे बघतो. आवाज तुझाच आलाय, बाजारात बसणाऱ्या बाईचा. पण त्या बाईच्या अंगणात मी मान खाली घालून बसून राहिले, हातातला कोरा चहा निवून गेला. "तुज्या आयशीनं तुला कशी दिली?" एवढंच तिने विचारलं होतं.

नीट सांगते, नाहीतर तू म्हणशील, ही नेहमी मधूनच सुरू होते. मी आता बोईसरला शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. तू होतीस तेव्हा मी खेळत होते, आता खेळवते. कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांच्या मुली येतात, वसाहतीतल्या इंजिनियरांच्या येतात, जवळच्या पाम, शिरगाव गावांतल्याही येतात. एकीची आई दर आठवड्याला येऊन सांगते, "मॅडम, धूप में लडकी काली हो जाएगी," आणि मी दर आठवड्याला तिला माझे हात दाखवते, हे बघा, काही बिघडलं नाही. या सगळ्यांत एक आठवीतली पोर आहे, पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. सकाळी शाळेला येताना डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन येते, ती बाजारात टाकते आणि मग वर्गात जाऊन बसते. मोळी घेऊन ती उतारावरून पळत येते तेव्हा तिची मान जराही हलत नाही. असा तोल शिकवून येत नाही, आये, मी पुष्कळ वर्षं शिकवायचा प्रयत्न केलाय. पहिल्यांदा तिच्या हातात चेंडू दिला तेव्हा तिने तो आधी हुंगला, मग उडवला.

तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली आहे. सामने थंडीत आहेत. आणि दिवाळीनंतर भात घरात आलं की तिचं सगळं घर वीटभट्टीवर कामाला निघतं ते पावसाच्या तोंडावर परत येतं. ही पोर तिकडे सगळ्यांचं रांधते आणि धाकट्या बहिणीला सांभाळते. यंदा गेली तर तिचा खेळ संपला, आणि बहुतेक शाळाही. म्हणून मी तिच्या आईला विचारायला गेले होते की पोरीला माझ्या घरी ठेवा, माझ्याबरोबर राहील, खाईल, शिकेल. बाप खांबाला टेकून बसला होता. आईने सगळं ऐकून घेतलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि तो प्रश्न विचारला. मग सूप पुन्हा उचलून म्हणाली, "आयतवारी ये. तवा सांग." आज शुक्रवार आहे. मैदानावर कसल्याशा सभेचा मांडव घातलाय, त्यामुळे सराव नाही. म्हणून बसले आहे लिहायला. कारण या प्रश्नाचं उत्तर फक्त तुझ्यापाशी होतं, आणि तू ते कधी दिलं नाहीस.

तुला ओट्याची गोष्ट आठवते का? मला तर काल घडल्यासारखी आठवते. आपल्या सातपाटीतल्या बायका कित्येक वर्षं पंचायतीकडे एक सिमेंटचा ओटा मागत होत्या, जवळा सुकवायला. वाळूत सुकवलेल्या जवळ्याला वाळू लागते, खाणाऱ्याच्या दाताखाली कचकच आली की ते गिऱ्हाईक पुन्हा पाटीजवळ फिरकत नाही. प्रत्येक निवडणुकीला ओट्याचं वचन मिळायचं आणि निवडणूक झाली की ते ओहोटीबरोबर वाहून जायचं. आणि मग एका दिवाळीच्या सुट्टीत शाळेशेजारच्या मोकळ्या जागेत गवंडी आले, खडी आली, आणि बघता बघता हा भलामोठा सपाट, गुळगुळीत ओटा तयार झाला. कोणी काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? तुम्ही बायकांनी नारळ आणला, ओट्याच्या कोपऱ्यावर फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला जवळा पसरला. दोन टोकांना दोन लोखंडी खांब उभे केले होते, ते जाळी वाळत घालायला. खांबांना वर एकेक कडी होती, ती जवळा जोखायचा काटा टांगायला. फक्त ती कडी कुणाच्याच हाताला लागत नव्हती, तेव्हा तू वर बघून म्हणालीस, "सरकारी मानसाला उंचीचा अंदाजच नाय."

शाळा उघडली तेव्हा तो अख्खा बास्केटबॉलचा कोर्ट जवळ्याने गुलाबी झाला होता. आमच्या शाळेत खेळाचे नवे मास्तर आले होते, घाटावरचे. पांढरे कॅनव्हासचे बूट, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. दात्यांच्या मागे लागून त्यांनीच तो कोर्ट बांधून घेतला होता, आणि आता ते काठावर उभे राहून गळ्यातली शिट्टी चाचपत बघत होते. मी तिथेच आहे, हातात लांब काठी, कावळे हाकते आहे. मास्तरांनी मुलांना चेंडू दिला आणि सांगितलं, खेळा, या बायका आपोआप उठतील. चेंडू एकदा उडाला, दोनदा उडाला आणि तिसऱ्यांदा थेट तुझ्या जवळ्यात. तू उठलीस. ओरडली नाहीस, शिवी दिली नाहीस. चेंडू उचललास, पदराने पुसलास, जमिनीवर ठेवलास, त्याच्यावर मोठी टोपली पालथी घातलीस आणि टोपलीवर बसलीस. अजून तो प्रसंग आठवला की मला एकटीला हसू येतं. पुढे मी देशभर खेळले, पण चेंडू असा कुणी अडवलेला पाहिला नाही.

मास्तर आधी चिडले, मग समजावू लागले, मग हात जोडायच्या बेताला आले. तू टोपलीवरून हलली नाहीस. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. त्या वर्षी मी एवढी वाढले होते की तू रोज मला दाराच्या चौकटीशी उभी करून बघायचीस आणि कपाळाला हात लावायचीस, हिला नवरा कुठला आणायचा, डोलकाठीएवढा? मास्तरांना मुलींचा संघ उभा करायचा होता आणि एकही मुलगी तयार नव्हती. ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मावशी, ही पोरगी मला द्या खेळायला. चार मुली हिच्यामागे येतील." तू माझ्याकडे बघितलंस. मग ओट्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे, जशी बाजारात दोन पापलेटं हातात धरून बघायचीस तशी. आणि म्हणालीस, "ओटा द्या, पोर न्या."

सौदा तिथल्या तिथे ठरला. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं, जाळ्यात जवळा भरपूर येतो, त्या दिवसांत दिवसभर ओटा बायकांचा. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी मंद, मासळी बेताची, तेव्हा ओटा मास्तरांचा. बाकीच्या दिवशी उन्हं कलली की जवळा उचलायचा आणि चेंडू आणायचा. घाटावरच्या त्या माणसाला तिथी कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. तो बिचारा शाळेच्या भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभा राहून चंद्राच्या कला शिकला. आमचा सराव जगातल्या कुठल्याही संघाहून वेगळा चालायचा, घड्याळावर नाही, वारावर नाही, भरती-ओहोटीवर. खेळायच्या आधी आम्ही मुली खराट्याने ओटा झाडायचो, तरी पायाखाली जवळा चुरडायचाच, पाय सटकायचा. त्यामुळे छोटी पावलं टाकून जागच्या जागी थांबायची सवय लागली. पुढे मुंबईच्या कोचने विचारलं, हे थांबणं कुठे शिकलीस? मी म्हटलं, सुकटीवर. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

पण ते चार शब्द गावाच्या तोंडी बसले. मी पाण्याला निघाले की कुणीतरी म्हणायचं, बघा, ओट्याच्या बदल्यात दिलेली पोर चालली. पुढे त्याचं "ओट्यावाली" झालं. पालघरला पहिल्यांदा सामने खेळायला गेलो तेव्हा तिथल्या मुली नाकाला रुमाल लावून आम्हाला "सुकटवाल्या" म्हणाल्या, त्याचं मला काही वाटलं नाही, आम्ही त्यांना हरवून दाखवलं. पण ओट्यावाली म्हटलं की मी मान फिरवून दुसऱ्या गल्लीने जायचे. कारण ते खरं होतं. मी तिथे काठी घेऊन उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या दिवसानंतर तू ओट्यावर आली नाहीस. बाकीच्या सगळ्या बायका तिथे जवळा पसरायच्या, आणि तू एकटी तुझी पाटी घेऊन खाडीकडे वाळूवर जायचीस, पूर्वीसारखी. मला वाटायचं, जिथे मी उघड्या पायांनी चड्डी घालून पळते तिथे यायची तुला लाज वाटते. पोर देऊन टाकली, आता तिच्याकडे बघायला नको. मी हे तुला कधी विचारलं नाही. आपल्या घरात असे प्रश्न विचारायची रीत नव्हती. तू चुलीपुढे बसून कालवण ढवळायचीस, मी ताट घेऊन बसायचे, आणि तू माझ्या ताटात बोंबिलाचा मोठा तुकडा टाकून म्हणायचीस, "खा. पळायचं हाय ना तुला?" त्या वयात मला त्यातही टोमणाच ऐकू यायचा.

मग मला मुंबईच्या एका कंपनीने त्यांच्या संघात घेतलं. नोकरी म्हणजे सकाळी थोडा वेळ टेबलावर बसायचं आणि दुपारपासून खेळायचं. तुला पटवून देताना माझी दमछाक झाली. तू पुन्हा पुन्हा विचारत होतीस, म्हणजे पळायचा पगार? नक्की? आणि मग बंदराकडे बघत म्हणालीस, बंदरावरून बाजारापर्यंत डोक्यावर पाटी घेऊन आम्ही जन्मभर पळतोय, आमाला कुनी इचारलं नाय. पण मी निघाले त्या दिवशी तू सुक्या बोंबलांचं एवढं मोठं गाठोडं बांधून दिलंस की हॉस्टेलच्या वॉर्डनने मला खोलीबाहेर काढायची धमकी दिली. माझ्या खोलीत एक नागपूरची होती, एक केरळची. नागपूरची दोन दिवस खिडकीत बसून राहिली. तिसऱ्या दिवशी केरळच्या मुलीने स्टोव्हवर बोंबील भाजले, आणि महिना संपायच्या आत नागपूरची मला विचारू लागली, तुझी आई पुढचं कधी पाठवणार?

मी चांगली खेळले, आये. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तुला कुणी नीट सांगितलं नसेल म्हणून सांगते. राज्याकडून खेळले, देशाच्या शिबिरापर्यंत गेले. दिल्लीच्या थंडीत खेळले, कलकत्त्याच्या दमट हवेत खेळले, तिथे मला घरच्यासारखं वाटलं. प्रत्येक संघात मी वयाने मोठ्या मुलींच्या हाताखाली वाढले आणि मग एक दिवस कळलं की मीच मोठी झाले आहे, लहान मुली मला ताई म्हणतात. लग्न केलं तेही जेमतेम माझ्या कानापर्यंत पोचणाऱ्या माणसाशी, आणि तू मांडवात सगळ्यांसमोर म्हणालीस, "जावयाला शिडी द्या कुनीतरी." तो अजून हे सांगतो आणि हसतो. मग गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चालाल, जिने चढाल, पण हे नाही. मी सुट्टी घेऊन घरी आले तेव्हा तू गुडघ्याला तेल चोळत बसायचीस. एकदा चोळता चोळता म्हणालीस, "होडी फुटली म्हनून कोनी समुद्र सोडत नाय." मला तेव्हा त्या वाक्याचा राग आला होता, तुला होडीपलीकडचं काही सुचतच नाही म्हणून. पण त्याच वर्षी मी कोचिंगचा कोर्स करायला गेले.

तू गेलीस तेव्हा मी तुझ्याजवळच होते. होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या, पाऊस लागलेला, तापाचे चार दिवस. शेवटच्या दिवशीही तू मला विचारलंस, जेवलीस का. तेवढ्याच चार दिवसांत मी ओट्याचं विचारू शकले असते. उशाशी बसून होते, तू शुद्धीवर होतीस. पण मला वाटलं, आता कशाला जुनं उकरायचं.

यांना बोईसरच्या कारखान्यात काम मिळालं, आम्ही इकडे आलो आणि मी शाळेत लागले. आणि गेल्या वर्षी बोईसरच्या बाजारात ती भेटली, आपल्या गल्लीच्या तोंडाशी राहायची ती म्हातारी, जिच्या तोंडाला सगळं गाव भ्यायचं. सुकट घेऊन बसली होती. मला ओळखलं, हात धरून शेजारी बसवलं आणि गिऱ्हाइकांना सांगू लागली, ही आमच्या सातपाटीची, हिचा फोटो पेपरात यायचा. मी सहज म्हटलं, काय उपयोग, गावाला तर मी ओट्याच्या बदल्यात दिलेलीच पोर. तिने माझ्याकडे असं बघितलं जणू मी शिळी मासळी ताजी म्हणून विकत होते.

"तुला ठाव नाय?" ती म्हणाली. "अगं, तुजी आय सौदा झाला त्याच दिशी, रात व्हायच्या आदी, दारोदार फिरली व्हती. ओटा मी मिळवला, म्हनाली, आता माज्या पोरीच्या कपड्यावर, उंचीवर, पळन्यावर कोनी बोलायचं नाय. जी बोलंल तिचा जवळा वाळूत."

मी म्हटलं, आणि तू गप्प बसलीस? तुझा तर स्वभाव नाही. त्यावर ती बोळकं उघडून हसली. "मी कशाला गप बसते? माजं त्वांड गावात सगळ्यात मोटं. म्हनून तर तिनं तिची सोताची जागा मला दिली. शाळेच्या भिंतीकडची, दिसभर ऊन. मी ती जागा घेतली आन तोंडाला कुलूप लावलं." मग सुकटीचा ढीग सारखा करत म्हणाली, "ओटा काय सगळ्यांना पुरनार व्हता? कोनीतरी वाळूत जायला पायजेच व्हतं."

मला तिथे बाजारात बसल्या बसल्या आधी राग आला. हो, रागच. सांगायला काय झालं होतं तुला? एक वाक्य. जेवताना ताटात बोंबील टाकता टाकता सांगितलं असतंस तरी चाललं असतं. माझी सगळी उमेदीची वर्षं मी ते चार शब्द पाठीवर घेऊन खेळले, कुणी पास दिला नाही की मला वाटायचं, हिलाही माहीत आहे मी कशाच्या बदल्यात आले. मी म्हातारीकडून नको असताना ढीगभर सुकट घेतली आणि घरी आले. मग हळूहळू डोकं थंड झालं. तू सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? चेंडू टाकून खाडीवर आले असते, तुझ्या शेजारी कावळे हाकायला. माझा स्वभाव तुला ठाऊक होता. माझ्या मनात तुझ्याबद्दल जे यायचं ते तू येऊ दिलंस, आणि मला खेळू दिलंस. मला तुझी फार आठवण आली त्या दिवशी. अजून येते.

पण ही सगळी गोष्ट मला परवा त्या अंगणात सांगता आली नाही. कारण तिने विचारलं होतं, कशी दिली. काय करून दिली हे मला आता माहीत आहे. देताना तुला कसं झालं असेल, हे मला माहीत नाही. रविवारी तिला काय सांगू?

शुक्रवारी इथवर लिहून ठेवलं होतं. आज सोमवार आहे.

काल सकाळीच पाड्यावर गेले. मुलगी पाणी आणायला गेली होती, ते बरंच झालं. बाप त्याच खांबाला टेकून, आई भात पाखडत. मी बसले आणि कुठलंही उत्तर न जुळवता सुरुवातीपासून सांगत गेले. नारळ फोडला ते, कडीला काटा टांगायचा होता ते, टोपलीखाली चेंडू ठेवून तू वर बसलीस ते. त्या ठिकाणी ती एवढी हसली की सूप बाजूला ठेवावं लागलं, आणि बापही पहिल्यांदा हसला. ओट्याचा सौदा सांगितला तेव्हा ती हसायची थांबली. तू तुझी जागा दुसरीला देऊन वाळूवर गेलीस हे सांगितलं तेव्हा तिने नुसती मान हलवली, आश्चर्य वगैरे काही नाही, जणू त्यात सांगण्यासारखं काय आहे. देताना तुला कसं झालं असेल हे तिने मला पुन्हा विचारलंच नाही. मला वाटतं, ते तिला माझ्याहून जास्त कळत होतं.

मग ती म्हणाली, "तिनं ओटा घेतला. मंग मला काय देशील?"

मी गडबडले. पोरीचं खाणंपिणं, शाळा, कपडे, सगळं माझ्याकडे, असं काहीतरी सांगू लागले. तिने हात वर करून मला थांबवलं. "ते तर करशीलच. मला आवनीला पोर पायजे. पाऊस लागला की ती माजी. तवा चेंडू नाय, शाळा नाय, काय नाय. रोपं लावायची, आमच्यात राहायचं, मंग ने." आता पावसाळ्याच्या सुरुवातीलाच आमचं मोठं शिबिर असतं. मी सवयीने घासाघीस सुरू केली, आठच दिवस द्या, निदान शेवटी तरी येऊ दे. ती भात पाखडत राहिली आणि प्रत्येक वेळी एकच म्हणाली, आवनीला नाय. तू असतीस तर तुम्हा दोघींचं फार जमलं असतं. शेवटी मी हो म्हटलं. धाकटीचं काय, असं मीच विचारलं, तर म्हणाली, तिला मी पाठीला बांधीन, रांधायला नणंद येईल. म्हणजे हे सगळं तिने आधीच ठरवून ठेवलं होतं, फक्त मी कोण आहे ते तिला बघायचं होतं.

मी उठले तेव्हा ती अंगणाच्या कडेपर्यंत सोडायला आली. तिथे तिने शेवटचं विचारलं, अगदी सहज, नजर दुसरीकडे ठेवून. "तुजी आय यायची का तुजा खेळ बघाया?"

मी म्हटलं, "यायची."

ती म्हणाली, "मंग मी पन येन. भट्टीवरनं येस्टी मिळते. सांग कवा ते."

तू एकदाही आली नव्हतीस, आये. पालघरला सामना होता त्या दिवशी तू त्याच पालघरच्या बाजारात पाटी घेऊन बसली होतीस, मैदान हाकेच्या अंतरावर, आणि मासळी संपल्यावर तू सरळ घरी गेलीस. संध्याकाळी मी तोंड फुगवून बसले तेव्हा म्हणालीस, "तुला कुनी ढकललं तर मी गप बसनार नाय. पाटी घेऊन आत येन. मंग तुला कायमचं काडतील." मी हसले नव्हते. आता वाटतं, तू खरंच आली असतीस आत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तरी वर तारीख घालायला हात गेला होता. घातली नाही. मला एवढंच कळवायचं होतं की त्या बाईला मी तसं सांगून बसले आहे, आणि ती त्याच्या भरवशावर भट्टीवरून एसटीने येणार आहे. तेवढं सांभाळून घे. तिकडे कुणी विचारलंच, तर हो म्हण.